उतारावर बंद होणारं इंजिन

आमचा रिक्षावाला भारी बडबड्या. मासळीपासून जावयापर्यंत तोंड अखंड चालू. एएलएसने हातपाय आणि वाचा गेलेल्या माझ्या नवऱ्याला समुद्र दाखवायला तोच न्यायचा. ह्यांच्या नाकावर मास्क, मांडीवर श्वासाचं मशीन. आरे-वारेचा उतार लागला की तो गप्प व्हायचा आणि इंजिन बंद करायचा.

"पेट्रोल एवढं महागलं काय?" एकदा मी तिरकसपणे विचारलं.

"तसं नाय वो वहिनी. इंजिनाच्या आवाजात दादांचा श्वास ऐकू येत नाय. जीव घाबरतो माझा."

हे गेल्यावर परवा पहिल्यांदाच त्याच्या रिक्षात एकटी बसले. उतारावर त्याने सवयीने इंजिन बंद केलं. खालचा समुद्र तेवढा ऐकू येत होता.

"चुकलं, वहिनी," म्हणत तो ते चालू करायला गेला.

"राहू दे," मी म्हटलं.