जहाजवाल्यांनी दिलेला शब्द

यवतमाळात जिनिंगचा हंगाम सुरू झाला, की कापसाचे तंतू हवेत तरंगू लागत. उन्हात ते इतके संथ उतरत, की पाहणाऱ्याला गुंगी यावी. आमचे जहाजवाले मात्र लगबगीने माठावर झाकण ठेवीत आणि गल्लीतल्या पोरांना घरात हाकीत. पोरे हसत; ते हसत नसत.

मूळचे ते बाभुळगावचे. उमेदीची सारी वर्षे मालवाहू जहाजावर गेली. ते बोलू लागले, की माझी ओसरी पाण्यावर डोलते आहे असे वाटे. दूरच्या महासागरात एका बेटावर त्यांना लीमा नावाची बाई भेटली होती. तिचे गाव पलीकडच्या बेटावर. ती लहान असताना एका बलाढ्य सरकारने तिथे अणुबाँबच्या चाचण्या केल्या. आकाशातून पांढरी राख पडली. मुले तिच्यात खेळली. लीमाचे दोन्ही भाऊ त्यातच गेले. उरलेल्यांना कायमचे हलवण्यात आले.

पाहुण्याच्या हाती नारळ द्यायची तिकडे रीत. "तिच्या गावचा नारळ कोणीतरी लपवून आणलता," जहाजवाले सांगत. "माह्या हाती ठेवला अन् वापस घेतला. म्हणे, याच्यात त्या राखेचं ईख असंन."

भावांशेजारी आपल्याला माती मिळावी, एवढेच तिचे मागणे होते. जहाजवाल्यांनी शब्द दिला आणि त्या शब्दापायी ते माझ्याकडे आले. न्यायालयातल्या कारकुनीतून निवृत्त झाल्यापासून अर्ज लिहिणे हाच माझा उद्योग. संतापाने मी प्रत्येक मसुद्यात 'गुन्हेगार' लिही; ते खोडायला लावीत. "वकीलसाहेब, शिव्या तुमच्या नावानं द्या. तिच्या नावानं फक्त जागा मांगा." मी वकील नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

त्या सरकारचे उत्तर ठरलेले: बेट राहण्यास अयोग्य आहे.

"राह्याचं कोण म्हणून राह्यलं?" ते म्हणाले. "मेल्यावर तिले आता काय होनार हाये?"

इतका बिनतोड युक्तिवाद मी न्यायालयात क्वचितच ऐकला. तो मी जसाच्या तसा कळवला. त्याला उत्तर आले नाही.

गेल्या उन्हाळ्यात जहाजवाले गेले. बाभुळगावात, वडिलांशेजारी, त्यांना माती दिली. दुपारपर्यंत सारे आटोपले. कोणालाही अर्ज करावा लागला नाही.

लीमा अजून आहे. तिच्या नातवाचे पत्र आले; जहाजवाले बरे आहेत ना, असे तिने विचारले आहे. आलेल्या प्रत्येक पत्राला मी त्याच दिवशी उत्तर देत आलो. हे मात्र टेबलावर तसेच पडून आहे. त्यांना जागा मिळाली, हे तिला कोणत्या तोंडाने कळवू?