निजलेल्या देवीला मारलेली हाक

ज्वारीच्या कोरड्या पिठात मूठ दाबली की एक दबका, करकरता आवाज उमटतो. आमच्या तामलवाडीच्या घरात आई अजूनही भाकरीसाठी काठवटीत पीठ घेते, तेव्हा तो आवाज ओसरीपर्यंत येतो आणि माझे हात आहे त्या कामावर थबकतात. हिमाचलातल्या एका उंच उतारावर, ताज्या बर्फात पाऊल रोवताना, मी नेमका हाच आवाज ऐकला होता. इतक्या दूरच्या, इतक्या परक्या शुभ्रतेच्या पोटात माझ्या आईची मूठ दाबली जात होती. त्या प्रवासाविषयी लिहायला बसले की आधी हा आवाज येतो. बाकीचे सारे त्याच्या मागून येते.

तुळजापूरची भवानी वर्षातून काही वेळा सिंहासनावरून उतरून पलंगावर निजते, हे आमच्या भागात पोराटोरांनाही ठाऊक असते. त्या दिवसांत आमच्या घरी सगळे गादी सोडून भुईवर निजतात, आणि मोठ्याने ‘उदो’ कुणी म्हणत नाही. लहानपणी खेळताना माझा आवाज चढला की आई ओठांवर बोट ठेवायची. “हळू गं. आईसाहेब निजल्यात.” भुईवरच्या त्या गार अंथरुणात मला अंधाराची भीती वाटे. मी पुटपुटायची, “आई, निजलीस?” आणि गाढ झोपेतून, डोळे न उघडता, ती म्हणायची, “जागीय.” तेवढ्या एका शब्दावर मला झोप लागायची.

माझे यजमान गेले ते दसऱ्यानंतरच्या निद्रेच्या दिवसांत. दवाखान्याच्या बाकावर बसून मी मनातल्या मनात देवीला विनवीत राहिले. ओठ मात्र मिटलेले ठेवले, कारण ती निजली होती. ते गेले. त्यानंतर मी दिवा लावीत राहिले, फुले वाहत राहिले, पण त्या हातांमध्ये बोलणे उरले नव्हते. शाळेत मुलांना अभंग शिकवताना ‘धाव’ हा शब्द आला की मी खडू उचलून फळ्याकडे वळत असे. कोण धावते? निजलेल्याला काय ऐकू येते? हा प्रश्न मी कुणाला विचारला नाही. तो माझ्यातच राहिला, बंद खोलीत कापराचा वास राहावा तसा.

महानंदा आणि मी धाराशिवच्या वसतिगृहात एका खोलीत राहिलेल्या. ती मुरुमची, लिंगायत व्यापाऱ्याच्या घरातली. आज तिथले कापडाचे दुकान तीच चालवते. गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाल्याखेरीज ती चहाचा घोटही घेत नाही, आणि तळहातावर लिंग असेतोवर तोंडातून अक्षर काढत नाही. वसतिगृहात एकदा बाहेरून दार बडवून बडवून बाई थकल्या. ही आत डोळे मिटून बसलेली. “शिवाचं घर म्हणत्यात त्या बर्फावर एकदा माझ्या हातानं पूजा करायचीय,” असे ती वर्षानुवर्षे म्हणे. पन्नाशी उलटल्यावर एके दिवशी तिने हिमाचलातल्या बर्फावरच्या चढाईसाठी परस्पर दोघींची नावे नोंदवली आणि मला कळवले, “मास्तरीण, नाही म्हणशील तर अबोला धरीन.”

तारीख पौषातली निघाली, शाकंभरी नवरात्राच्या आधीची. म्हणजे पुन्हा देवीच्या निद्रेतली. आई पिशवीत मेथीचे लाडू भरत म्हणाली, “आईसाहेब निजल्यात, अन् तू निघालीस.” जागी असती तरी काय, असे मनात आले होते. ते आईपुढे बोलवले नाही.

डोंगरात आमचा वाटाड्या होता ठाकूरजी, मध्यम वयाचा, मितभाषी पहाडी गृहस्थ. त्याने आमच्या बुटांखाली स्नोशू बांधले. म्हणजे पाऊल बर्फात रुतू नये म्हणून लावायच्या रुंद, जाळीदार फळ्या. महानंदाने चार पावले टाकली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “अय्यो! पायाला सुपं बांधल्यावानी झालंय गं. आता पाखडत पाखडत जायचं व्हय?” मी इतकी हसले की पाठीवरच्या ओझ्यासकट बर्फात बसले. देवदारांखालून आम्ही दिवसभर चढलो. वास कशालाच नव्हता, आणि मातीत वाढलेल्या माझ्या नाकाला ते गंधहीनपणच एखाद्या नव्या गंधासारखे जाणवत होते. मधूनच एखादी फांदी आपले ओझे सोडून देई आणि पांढरी भुकटी उन्हात बराच वेळ तरंगत राही.

संध्याकाळी झाडी संपते तिथे तंबू लागले. ठाकूरजीने बर्फ वितळवून पाणी केले आणि त्याच भांड्यात स्वतःसाठी अंडी उकडली. महानंदाने ते पाहिले आणि माझ्या कानाशी म्हणाली, “झालं. उद्याच्या पूजेचं पाणी बाटलं.” तिने आणलेल्या बाटलीतले पाणी तर कधीच गोठले होते. निद्रेच्या दिवसांच्या नेमाप्रमाणे मी माझी हवा भरलेली गादी तिला देऊन पातळ चटईवर पडले. “थंडीनं मरशील,” ती म्हणाली, आणि तिने आपले अर्धे पांघरूण माझ्यावर ओढले.

पहाटे उजाडता उजाडता अर्धवट झोपेत तिचे शब्द कानी आले. “पूजेला बर्फ आणते. कुणी पाय न दिलेला.” मी ‘हं’ म्हटले आणि पुन्हा डोळे मिटले.

जाग आली तेव्हा तंबूच्या कापडावर बारीक खसखस पडल्यासारखा आवाज होता. दार उघडले तर बाहेर जगच नव्हते. पलीकडचा तंबू नाही, झाडे नाहीत, वर-खाली नाही, नुसते पांढरे. धुके उतरले होते आणि त्यातून हिमकण पडत होते. तिचे स्नोशू तंबूशीच पडलेले. जवळच जायचे म्हणून तिने ते बांधले नव्हते. पाऊलखुणा थोड्या अंतरावर पुसट होत मिटून गेल्या होत्या. ठाकूरजीचा चेहरा उतरला. उजवीकडे कुठेतरी उतार एकदम तुटतो आणि त्याच्या कडेवर नुसते बर्फाचे छत असते, हे त्याने आदल्या दिवशीच बजावले होते. त्याने शिटी फुंकली. मी ‘महानंदा’, ‘महानंदा’ अशा हाका घातल्या. धुक्याने प्रत्येक हाक कापसासारखी टिपून घेतली.

उत्तर नव्हते. आणि त्या नसण्याचा अर्थ मला लावता येत नव्हता, हीच खरी भीती होती. ती पूजेत असेल तर ऐकूनही बोलणार नाही. किंवा ती बोलण्यापलीकडे गेली असेल. दोन्हींचा आवाज एकच होता. ठाकूरजी म्हणाला, “ऐसे में ग़लत तरफ़ गए तो हम भी नहीं लौटेंगे, बहनजी. रुकना पड़ेगा.” थांबायचे, म्हणजे तिला त्या थंडीत सोडायचे. पुन्हा एकदा मला ओठ मिटून दवाखान्याच्या त्या बाकावर बसावे लागणार होते.

मग काय झाले ते मी जसे घडले तसे सांगते. देवी निजली आहे हे मला आठवत होते. आईचे ओठांवरचे बोट मला दिसत होते. तरी इतक्या वर्षांच्या मुकेपणाखालून मी छाती फुटेल अशा आवाजात ओरडले, “आई राजा उदो उदो!”

क्षणभर हिमकणांची खसखस तेवढी. आणि मग धुक्यातून, डाव्या हाताच्या उतारावरून, स्वच्छ आणि निवांत आवाजात उत्तर आले: “सदानंदीचा उदो उदो!”

बाईचा आवाज होता. त्यात घाई नव्हती, दूरपणाही नव्हता. दारातल्या हाकेला माजघरातून ओ द्यावी तसा. ठाकूरजीने काही न विचारता काठी बर्फात टोचत तिकडे पाऊल टाकले. मी त्याच्या पाठीला धरून निघाले. एका मोठ्या खडकाच्या आडोशाला महानंदा मांडी घालून बसलेली होती. हातमोजे काढून ठेवलेले, कपाळी भस्माचे पट्टे, डाव्या तळहातावर लिंग आणि त्यावर वितळणारा चिमूटभर बर्फ. बोटे निळसर झाली होती. ओठ हलत होते, त्यांतून स्वर येत नव्हता. ठाकूरजीने तिच्यासाठी आपले जाड हातमोजे काढले आणि तसाच उभा राहिला. त्या पहाडी माणसालाही तिच्या पूजेत हात घालवेना.

तिने लिंग वस्त्रात गुंडाळून गळ्यात घातले, डोळे उघडले आणि पहिल्यांदा मलाच दटावले, “अगं मास्तरीण, आईसाहेब निजल्यावर येवढ्या मोठ्यानं बोंबलतात व्हय?”

मी तिला कवटाळून रडत होते. “मग तू ओ कशाला दिलीस?”

“मी?” ती माझ्याकडे पाहतच राहिली. “पूजेत कधी बोलले का मी? मला वाटलं, तुला कुणी आपल्याकडची बाई भेटली. तिनंच दिली की ओ.”

मी ठाकूरजीकडे वळले. तो बोटे चोळायला तिचे हात आपल्या हातांत घेत होता. “मैंने भी सुना,” एवढेच तो म्हणाला.

डोंगर हाक परत पाठवतो हे मला ठाऊक आहे. पण तो आपलेच शब्द परत पाठवतो. जयघोषाचे पुढचे शब्द पाठवीत नाही. उतरताना मी वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला विचारले, वर आपल्याकडचे कुणी गेले होते का. कुणाला माहीत नव्हते. याहून अधिक मी शोधले नाही. त्या सकाळी, आम्ही अजून खडकाशीच असताना, धुके एका बाजूने उचलले गेले आणि समोर शिखरांची रांग उभी राहिली, केशरी, मग सोनेरी, मग डोळ्यांना सोसेना इतकी पांढरी. महानंदाने हात जोडले. मला हातही जोडता आले नाहीत. एवढ्या मोठ्या उजेडासमोर आपण नुसते असावे, एवढेच पुरे वाटले.

यजमान का वाचले नाहीत आणि महानंदा का वाचली, याचा हिशेब मी मांडत नाही. तो माझ्या हातातला नाही, हे त्या उतारावर मला कळले, आणि कळताच हात हलके झाले. हाक मारणे आपले. ओ कुठून यावी, केव्हा यावी, कोणत्या कानाला यावी, हे देवीचे. आता दिवा लावताना मी पुन्हा बोलते. उत्तरासाठी थांबत नाही; पण कोणी ऐकत आहे अशा आवाजात बोलते.

परतले तेव्हा शाकंभरी नवरात्र बसले होते आणि देवी पुन्हा सिंहासनावर होती. तुळजापूरला दर्शन घेऊन मी घरी आले. दुपारी ओसरीवर आई चटईवर आडवी झाली होती. तिच्या पायांशी बसून मी सारे सांगितले. निद्रेतला माझा ओरडा, धुक्यातली ती ओ, सारे. तिचे डोळे मिटलेले, श्वास संथ. तिला झोप लागली असे समजून अगदी हळू आवाजात मी लहानपणीचा तो प्रश्न विचारला; तिला विचारला की आणखी कुणाला, ते मला सांगता येणार नाही.

“आई, निजलीस?”

डोळे न उघडता ती म्हणाली, “जागीय.”