मावशीचा दहावा आणि माझी नवी चाकं

आमची गाडी वेळेवर थांबत नाही, असा माझ्या मावशीचा ठाम समज होता आणि तो तिने मरेपर्यंत सोडला नाही. (मेल्यावरही सोडला नाही, पण त्याकडे नंतर वळू.)

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. आई तिला ‘बाय’ म्हणायची. मावशी चौलला, आम्ही थळला. दोघींना एकमेकींचं तोंड पाहिल्याशिवाय चैन पडत नसे आणि त्यांची ने-आण करायला मी आणि माझी छोटी गाडी. मी थळला जाळी आणि दोर विकतो. गाडीतलं मला तेवढंच कळतं जेवढं दोर विकणाऱ्याला कळावं. पण गाडी माझी होती आणि चावी माझ्या खिशात असायची. माझी बायको सुरेखा माझ्या आधी गाडी शिकली, तिचं लायसन्सही आहे, पण ते ती कपाटात जपून ठेवते. म्हणजे, मी ठेवायला सांगितलं होतं.

एकदा पेणहून एका हळदीवरून परत येत होतो. मावशी पुढच्या सीटवर, मागे आई, सुरेखा आणि यजमानांनी प्रेमाने कोंबलेले फणस. कार्लेखिंडीच्या उतारावर पुढचा ट्रक अचानक थांबला. मी ब्रेक दाबला. गाडीने ऐकलं, पण मनावर घेतलं नाही! मी पाय आणखी दाबला, आई देवाचं नाव घेऊ लागली, एक फणस पुढे येऊन माझ्या कोपराला भेटला, आणि ट्रकच्या मागे वीतभर जागा उरली असताना आम्ही थांबलो. मावशीने दोन्ही हात समोरच्या डॅशबोर्डवर रेटून धरले होते. ते तिने सावकाश काढले आणि म्हणाली,

“नरू, गाडी मी थांबवली. तुझ्यानं नाय थांबाची ती. यापुढं सुरेखाला दे चालवाला.”

सगळे हसले. मीही हसलो. चेष्टा करते म्हातारी, असं मला वाटलं.

त्यानंतर मावशी गाडीत बसली की चौल ते थळ आणि थळ ते चौल, दोन्ही हात डॅशबोर्डवर. फोनवर आईशी कितीही वेळ बोलणं झालं तरी शेवट एकच, “नरूच्या गाडीचा काय झाला?” जणू गाडीला जुना दमा होता.

शेवटी मी मनावर घेतलं. अलिबागला माझा मित्र बबन गॅरेज चालवतो. बबनचा मोठा गुण म्हणजे तो कशालाही नाही म्हणत नाही. (हाच त्याचा मोठा दोषही आहे.) मी म्हटलं, “बबन, गाडी जागच्या जागी थांबली पाहिजे.” तो म्हणाला, “मोठ्या गाडीचे ब्रेक आहेत माझ्याकडे. बसवू ना!”

आणि बसवले. पुढच्या दोन्ही चाकांना केवढ्या थोरल्या तबकड्या! त्या तबकडीला चिमटा काढून धरणारा लोखंडी पंजा तर असा, की त्याने गाडीच काय, एसटीही थांबावी. मग बबनने चाक उचललं आणि लावायला गेला. लागेना.

“बबन, चाक बसत नाही.”

“चाक बसतंय रे. ब्रेक मध्ये येतोय.”

“मग?”

“मोठी चाकं घालू ना!”

मग चारही मोठी चाकं आली. चंदेरी, नक्षीदार, पाकळ्यापाकळ्यांची. ती घेराने बरोबर बसली, पण पाकळ्यांची पोटं आतल्या पंज्याला घासू लागली. “मध्ये चकती टाकू ना!” मग चकत्या टाकल्या. त्यामुळे चाकं अंगाबाहेर आली आणि आमची गरीब गाडी पाय फाकवून उभी राहिल्यासारखी दिसायला लागली. चौघं बसले की टायर वरच्या पत्र्याला लागून घर्रर्र असा आवाज येई. “पत्र्याची कडा ठोकू ना!” ठोकली. आता एकच गोष्ट राहिली होती, ती म्हणजे चाकं मोठी झाल्यावर टायरला जागा उरली नव्हती. लोखंडाभोवती रबराची एक पट्टी, बस्स. सुरेखा म्हणाली, “अहो, टायर कुठाय?”

पण गाडी थांबायची! अशी थांबायची, की पहिल्याच दिवशी आईचा चष्मा तिच्या आधी समोरच्या काचेपर्यंत पोचला. मी खूश होतो. रविवारी मावशीला घेऊन जायचं, भर उतारावर गाडी थांबवून दाखवायची आणि म्हणायचं, घे, काढ हात आता.

मावशी त्या आधीच्या शुक्रवारी झोपेतच गेली.

मला फार वाईट वाटलं. माणूस गेल्याचं तर वाटलंच, पण तिने ते ब्रेक पाहिले नाहीत, याचंही वाटलं. दुसरं दुःख पहिल्याच्या जवळपास होतं, हे कोणाला सांगता येईना.

दहाव्याच्या आदल्या दिवशी मावशीच्या मुलाचा, जनादादाचा फोन आला. “नरू, मावशीला येलेवर आन. तिच्याबिगर कावला शिवाचा नाय.” त्याची मावशी म्हणजे माझी आई. त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. आई घरी आली आहे आणि मावशी तिच्या आधी जेवली आहे, असं कधीही घडलं नव्हतं. आई पाटावर बसेपर्यंत मावशी भाकरीला हात लावत नसे.

सकाळी निघालो. मी पांढऱ्या कपड्यांत गाडी चालवतोय, शेजारी आई, मागे सुरेखा. आईच्या मांडीवर थर्मास होता. त्यात गुळाचा कोरा चहा, कारण मावशीला दुसरा चहा चालत नसे. आई थर्मासचं झाकण घट्ट आहे का ते फक्त पुन्हा पुन्हा बघत होती.

नागावच्या वाड्या लागल्या आणि एका खड्ड्यात पुढचं चाक गेलं. फार मोठा खड्डा नव्हता. जुन्या टायरने त्याची दखलही घेतली नसती. नव्या टायरने जीवच सोडला.

“काय झाला?” आई.

“काही नाही आई. स्टेपनी आहे, आत्ता बदलतो.”

मी शांतपणे डिकी उघडली, जॅक लावला, मेलेलं चाक काढलं, स्टेपनी उचलली आणि लावायला गेलो. स्टेपनी ब्रेकवर आपटली आणि थांबली. फिरवून लावली. थांबली. दोन्ही हातांनी ढकलली, मग बसून पायाने ढकलली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. स्टेपनी जुनी होती, जुन्या मापाची! एवढी चाकं, चकत्या, कडा, सगळं केलं, पण गाडीला पाचवंही एक चाक असतं, हे मी आणि बबन दोघेही साफ विसरलो होतो!

बबनला फोन लावला. “बबन, स्टेपनी बसत नाही.”

यावर आयुष्यात पहिल्यांदा ‘बसवू ना’ न म्हणता बबन म्हणाला, “अरे हो रे,” आणि फोन कट झाला.

लगेच जनादादाचा आला. “पिंड ठेवलाय. कावला झाडावर बसून हाय, उतरत नाय. कुठं हाव तुमी?”

“नागावला.”

“गाडी बिघडली काय?”

“नाही. ब्रेक उत्तम आहेत.”

“मंग?”

“थांबली आहे.”

आई गाडीतून उतरून रस्त्याच्या कडेला उभी राहिली होती. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, “बाय माझ्याबिगर कधी जेवली नाय रे. आज पन तशीच बसली असंल.” मला रस्त्यातल्या त्या खड्ड्यात जाऊन बसावंसं वाटलं.

तेवढ्यात आमच्या थळचा दामा त्याच्या मासळीच्या टेम्पोतून रेवदंड्याकडे निघालेला दिसला. आईने स्वतःच हात केला. “काकी, तुमी अशा रस्त्यात?” म्हणत त्याने टेम्पो थांबवला. (जुन्या ब्रेकने. लगेच थांबला.) आई आणि सुरेखा पुढे बसल्या. मी मागे, बर्फ आणि बांगड्यांच्या पेट्यांवर. पांढऱ्या कपड्यांत.

थोडं पुढे गेल्यावर केबिनच्या मागच्या खिडकीतून सुरेखाचा चेहरा दिसला. “अहो, मागचे ब्रेक तर जुनेच आहेत ना?”

“हो.”

“मग मागचं चाक काढून पुढे आणि ही स्टेपनी मागे, असं नसतं चाललं?”

मी बराच वेळ बांगड्यांकडे पाहिलं. बांगडेही माझ्याकडे पाहत होते. “दामा घाईत होता,” मी म्हणालो.

चौलला तळ्याच्या काठी सगळी मंडळी माना वर करून उभी होती. भेंडीच्या झाडावर एक कावळा. तो म्हणे केव्हापासून एकेक फांदी खाली येत होता आणि आता पिंडाच्या अगदी वरच्या फांदीवर पोचला होता. सगळे श्वास रोखून होते. आणि त्या क्षणी आमचा टेम्पो आला! येताना चौलच्या वाड्यांमधले यच्चयावत कावळे घेऊन आला. काव काव काव! फांदीवरच्या त्या कावळ्याने एकदा पिंडाकडे पाहिलं, एकदा बांगड्यांकडे पाहिलं, आणि थेट माझ्या डोक्यावरून पेट्यांवर उतरला.

“टेम्पो काढ! टेम्पो काढ!” जनादादा ओरडला. आम्ही तिघं उतरतोय तोच दामाने घाबरून टेम्पो काढला. आणि टेम्पोमागोमाग सगळे कावळेही गेले. सगळे! झाडावर पान हलेना. असा शुकशुकाट मी दहाव्याला कधी पाहिला नव्हता. सगळी मंडळी आता माझ्याकडे बघत होती. माझ्या सदऱ्यावर मासळीचे खवले चमकत होते.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. “दर्भाचा कावळा करून टाकू का? मला पुढे जायचंय.”

“थांबा गुरुजी,” आई म्हणाली. “माजी बहीन गवताच्या कावल्यानं जेवाची नाय.”

तिने थर्मास उघडला, द्रोणात चहा ओतला आणि पिंडाजवळ ठेवून म्हणाली, “बाय, मी आयलंय गं. उशीर झाला.” मला काही दिसेनासं झालं.

बऱ्याच वेळाने एक कावळा परतला. तोच असावा. पोट भरलेलं असावं, कारण त्याला काही घाई नव्हती. मग एकेकाने हात जोडून शब्द द्यायला सुरुवात केली. जनादादा म्हणाला, “आई, वाडीतल्या सुपाऱ्या येलेवर काढीन.” कावळा ढिम्म. वहिनी म्हणाली, “तुमची म्हैस इकाची नाय आमी.” कावळ्याने चोच पंखात घातली.

तेव्हा आई माझ्याकडे वळली. “तू बोल. शेवटच्या फोनात पन तिनं तुझंच इचारलं. नरूच्या गाडीचा काय झाला?”

मी पुढे झालो. “मावशे, काळजी करू नको. मोठे ब्रेक बसवलेत. आता गाडी थांबते.”

कावळ्याने मान वाकडी केली. मागून कोणीतरी विचारलं, “मंग हाय कुठं गाडी?”

“नागावला थांबली आहे.”

कावळ्याने पाठ फिरवली.

“खरा काय ता सांग तिला,” आई म्हणाली. मग मी सगळं सांगितलं. ब्रेक, चाकं, पाकळ्या, चकत्या, कडा, स्टेपनी. भर उन्हात, पन्नासेक नातेवाइकांसमोर, झाडाकडे तोंड करून! सांगता सांगता माझं मलाच कळत गेलं की यात समजावण्यासारखं फारसं काही नाही. “मावशे, जुनी चाकं लावतो परत!” काही नाही. “ब्रेकही जुने लावतो!” त्यावर कावळा चक्क एक फांदी वर गेला.

मी हात टेकले. तेव्हा सुरेखा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, पदर सारखा केला आणि साध्या आवाजात म्हणाली, “मावशी, यापुढे गाडी मी चालवीन.”

तिचं वाक्य पुरतं झालंही नव्हतं. कावळा दगडासारखा खाली आला, पिंडाला चोच मारली आणि वर चहाच्या द्रोणातही बुडवली! लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आई डोळे पुसत हसत होती. “मोकली झाली बाय,” ती म्हणाली. जनादादाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसरा हात पुढे केला. त्याच्या हातावर मी मुकाट्याने चावी ठेवली. ती त्याने सुरेखाला दिली.

दुपारी नागावला जाऊन सुरेखाने मागचं चाक पुढे आणि स्टेपनी मागे लावायला लावली (लावली मी, सांगितलं तिने) आणि तीन मोठ्या, एका छोट्या चाकावर लंगडत आम्ही थळला आलो. त्यानंतर गाडी तीच चालवते. गाडी वेळेवर थांबते, कुठे घासत नाही, कोणाचा चष्मा उडत नाही. सुरेखा फार छान ब्रेक लावते, असं सगळा गाव म्हणतो.

म्हणो बापडा. मी तिच्या शेजारी, मावशीच्या जागेवर बसतो. कार्लेखिंडीचा उतार लागला की दोन्ही हात डॅशबोर्डवर रेटून धरतो. गाडी खरी मीच थांबवतो.