नाव कुणी फोडलं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. संस्थेतल्या माणसांना तर नाहीच — ती मला ‘भाऊ’ म्हणतात आणि माझ्या शब्दावर कोर्टात उभी राहतात. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सांगवतंय. तरी भीती वाटतेच.

परभणी जिल्ह्यात मानवी हक्कांचं काम करता करता माझी साठी उलटली. सत्काराच्या शाली इतक्या साठल्या की बायको आता त्या वाळवणावर झाकायला घेते. कार्यकर्त्यांच्या शिबिरात माझं एक ठरलेलं भाषण असतं — साक्षीदाराचं नाव आपल्याबरोबर चितेवर गेलं पाहिजे. पोरं ते वहीत उतरवून घेतात. त्या वेळी मी खिडकीबाहेर बघत राहतो, ते का, हे त्यांना काय ठाऊक?

वालूरच्या बाजूचं एक गाव — नाव नको. तिथं खूप वर्षांपूर्वी एका कुटुंबाला वाळीत टाकलं होतं. पोरीनं आपल्या मर्जीनं लग्न केलं, एवढंच निमित्त. दुकानदार मीठ देईना, गिरणीवाला दळण घेईना. ज्या घरी हे ठरलं तिथं कमलबाई भाकऱ्या थापायला होती. कोण काय बोललं ते सगळं तिनं ऐकलं होतं. आमची पद्धत अशी — जबानी लिहायची, वाचून दाखवायची, अंगठा घ्यायचा आणि अहवालात नावाच्या जागी नुसतं ‘एक साक्षीदार’ लिहायचं. कमलबाई मानवतला येऊन मला भेटली. एकटीला धीर होईना म्हणून जाऊबाईला, मालनला, सोबत आणलं होतं. नाव बाहेर जाणार नाही ना, असं तिनं दोनदा विचारलं. मी शब्द दिला.

अहवाल गाजला. संस्थेचं नाव झालं, माझंही. मग एका दुपारी मानवतच्या बसस्टँडजवळच्या हॉटेलात त्या गावचे चौघे माझ्या बाकावर येऊन बसले. आवाज चढवला नाही. उलट माझ्यासाठी चहा सांगितला. माझी मुलगी कुठल्या शाळेत जाते, तिची रिक्षा किती वाजता येते — हे त्यांनीच मला सांगितलं. मग एकजण म्हणाला, “भाऊ, तुमी नाव नका घेऊ. आमी घेतो. तुमी नुस्ती मान हलवा.”

पहिली दोन नावं चुकीची होती. तिसरं —

पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला समजावत राहिलो की मान हलली नव्हती, मी चहा प्यायला बशीवर वाकलो होतो. पण मी मान हलवली. घाबरलो होतो. इतका, की माझी बस लागली तरी मला उठता येईना.

इथवर ऐकून तुम्ही मला माफही कराल — मुलीचा बाप होता बिचारा. थांबा जरा. खरं सांगायचं ते पुढंच आहे.

आठ दिवसांत कमलबाईच्या घराचे पत्रे उचकटले, भर चावडीसमोर तिला मारलं. ती भावाकडे गंगाखेडला निघून गेली. तिथून एकदा ऑफिसात आली. हात गळ्यात बांधलेला. म्हणाली, “भाऊ, तुमाला न् मालनला, दोघांनाच ठाऊक होतं.” आणि माझ्याकडे बघत राहिली. तिला संशय आला होता का? मला वाटलं, आला. तेव्हा मुलीचा विचारही मनात नव्हता. संस्था जाईल, लोक तोंडावर थुंकतील — एवढंच डोक्यात होतं.

मी म्हणालो, “घरातूनच फुटलं असेल, बाई.”

तिनं लगेच विश्वास ठेवला. माझ्यावर न ठेवून कुणावर ठेवणार?

महिन्याभरानं मालन आली. कमल दारात उभं करीत नाही म्हणून रडली. “तुमी सांगा तिला, तुमचं ऐकल ती.” सांगतो म्हणालो. सांगितलं नाही. त्यानंतर ती दोनदा येऊन गेली. भाऊ दौऱ्यावर आहेत, असं मी बाहेर सांगायला लावलं आणि आतल्या खोलीत श्वास रोखून बसलो. तिच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली जाईपर्यंत हललो नाही.

गेल्या महिन्यात गंगाखेडला माझा सत्कार झाला. कमलबाई आली होती. केस पार पांढरे झालेत. गर्दी पांगल्यावर जवळ येऊन म्हणाली, “मालन गेली, भाऊ. मी मातीला गेले न्हाई.” पटकन मला कळलंच नाही, ती हे मला का सांगतेय. मग कळलं. ‘घरातूनच फुटलं’ हा माझा शब्द तिनं शेवटपर्यंत खरा मानला होता, आणि ते मला सांगायला ती आली होती.

मी तिला म्हणालो, बसा, चहा घेऊन जा.

आता गंगाखेडहून फोन आला की मी तो नुसता वाजू देतो. गंगाखेड इथून एसटीनं फार लांब नाही. मी गेलेलो नाही. तुम्हाला सांगितलं, तिला सांगितलेलं नाही.