मालकांच्या पोटातली नळी

तीन वर्षांपूर्वी मालकांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, पोटातली मोठी रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली होती. डॉक्टरांनी पोट न उघडता जांघेतून आत नळी बसवली. चौथ्या दिवशी ते चालत घरी आले. जांघेत दोन बारीक खुणा, बाकी काही नाही. मला तेव्हाच खरं वाटलं नव्हतं. आत काही घातलंच नसेल तर? पण मी चारचौघांत तोंड उघडणारी नाही. चौथी शिकले, घरी टॉवेलच्या कडा शिवते. कोणाला विचारणार?

दर वर्षी आतला फोटो काढायला या, असं दवाखान्यात सांगितलं होतं. मालक सकाळी डबा घेऊन एकटेच जायचे. संध्याकाळी विचारलं की म्हणायचे, "समदं बेस हाय."

यंदा दिवाळीनंतर त्यांचं पोट दुखायला लागलं, मग पाठ. दवाखान्यात नवे डॉक्टर होते. नळी सरकलीय, फुग्यात परत रक्त शिरतंय, आता पोट उघडून नवी नळी बसवावीच लागेल, असं म्हणून त्यांनी सहीचा कागद माझ्यापुढे ठेवला.

मी पेन घेतलाच नाही. तेव्हा न कापता झालं, मग आता कापायचं कशाला? पदर तोंडाशी धरून मी विचारलं, "पैली नळी खरंच घातली हुती का?"

मालक खाटेवरून म्हणाले, "चौथी शिकून डॉक्टरीण झाली बघा ही."

डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर फोटो दाखवला. पोटात तारेची पांढरी जाळी स्पष्ट दिसत होती. तिला कापड लावलेलं असतं, म्हणाले.

माझा संशय आणखी वाढला. "कापड ओलं ऱ्हायलं की कुजतंय की."

"हे कुजत नाही, मावशी. पण नळी जागची हलू शकते. म्हणून तर दर वर्षी फोटो काढायचा."

"काढलेत की. ह्ये जात हुते."

डॉक्टरांनी कागद चाळले. "पहिल्या वर्षीचा एकच आहे. नंतर हे आलेच नाहीत."

मी वळून पाहिलं. मालक सलाईनच्या बाटलीकडे बघत होते.

"मग डबा कुटं खाल्ला?"

"बागेत." मग म्हणाले, "एकदा चांगलं आलं हुतं की. परत मशिनीत घातलं आन् वंगाळ निघालं तर?"

मला रडू आलं नाही, इतका राग आला. तीन वर्षं मी डॉक्टरांवर संशय घेत बसले होते.

"नवी नळी बी सरकंल का?" मी विचारलं.

"ती दोन्ही टोकांना हातानं शिवतो. पण ऑपरेशन मोठं आहे, धोका आहे. आणि थांबलात तर फुगा कधीही फुटेल."

शिवण्यातलं मला कळतं. दोरा कसला, तो किती वर्षं टिकतो, सगळं विचारलं. मग सही केली.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं, दुपार टळून गेल्यावर संपलं. दोन दिवसांनी ते बोलायला लागले. छातीखालपासून ओटीपोटापर्यंत पट्टी होती.

"दुखतंय का?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मी दारातून जाणाऱ्या नर्सला मोठ्यानं हाक मारली आणि तिलाच विचारलं, "ह्यांचं समदं खरंच बेस हाय का?"