लहानसं फ्रॅक्चर

आमच्या साडूंच्या, इथे परदेशातल्या टाकानिनी नावाच्या उपनगरातल्या घरात सैतानाला पाऊल ठेवायला जागा नव्हती. हे मी त्यांच्या भक्तीला स्मरून म्हणतो, पण खरं कारण एवढंच की त्या घरी कधी कोणी नसायचं. सैतान आला असता तर बंद दार बघून परत गेला असता. रिकाम्या मुलाच्या मनात तो चटकन शिरतो असं साडूंचं ठाम मत, आणि त्यांची एकुलती एक एस्थर अकरा वर्षांची होईपर्यंत त्यांना एकदाही रिकामी सापडली नव्हती. पोहणं, नेटबॉल, कीबोर्ड, गणिताचा क्लास, वक्तृत्व, रविवारी संडे स्कूल, आणि संडे स्कूलमध्ये मागे पडू नये म्हणून शुक्रवारी बायबल क्विझची तयारी. मेहुणी हॉस्पिटलात नर्स, तिच्या पाळ्या बदलत्या. त्यामुळे सारथ्य साडूंकडे.

कुटुंबाची रोजची प्रार्थना हा त्यांच्या घराण्याचा जुना नेम. तिकडे मायदेशी, नगरला त्यांचे वडील दिवेलागणीला सगळ्यांना चटईवर बसवत. साडूंनी नेम मोडला नाही, फक्त मोटरवेवर नेला. पोहणं आणि कीबोर्ड यांच्या मधल्या ट्रॅफिकमध्ये ती प्रार्थना होई. "तुम्ही डोळे मिटा, माझे उघडे राहतील, प्रभू समजून घेतो," ते सांगत. मी एकदा मागच्या सीटवर होतो. "हे प्रेमळ स्वर्गीय पित्या, ह्या दिवसाबद्दल तुझे आभार, आणि हा व्हॅनवाला इंडिकेटर का देत नाही ते तुलाच ठाऊक, आमेन." ओल्या केसांनी सँडविच खात असलेल्या एस्थरनं भरल्या तोंडानं आमेन म्हटलं.

विसाव्याचा विषय निघाला की साडू गंभीर होत. देवानं सातव्या दिवशी विसावा घेतला हे त्यांना मान्य होतं. "पण आधी सहा दिवस काय केलं ते बघा ना!" रविवारी जेवणानंतर त्यांनी विसाव्यालाही वेळ नेमून दिला होता, तो बहुधा सँडरिंगहॅमच्या देशी दुकानांतून वाणसामान आणण्यात जाई. तिथे एस्थर मिठाईच्या काचेला कपाळ टेकवून उभ्याउभ्या झोपलेली मी पाहिली आहे. "चिंतन करतेय," साडू म्हणाले.

आमची मराठी प्रार्थनासभा महिन्यातून एकदा एका शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये भरते. मी शेवटच्या रांगेतला ख्रिस्ती. तिथून चहा जवळ पडतो. सभेच्या शेवटी ज्याला त्याला उभं राहून प्रार्थनेची विनंती सांगता येते, आणि सभेतल्या सगळ्यांत वडील बाई, ज्यांना आम्ही सगळेच आत्याबाई म्हणतो, त्या एकेक विनंती देवापुढे मांडतात. विनंत्या ठरलेल्या असतात: कुणाचा व्हिसा, कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलाचं लग्न. त्या दिवशी एस्थर उठली. एरवी ती मराठीला इंग्रजीत उत्तर देते. त्या दिवशी मात्र पाठ करून आल्यासारखी बोलली.

"माझ्यासाठी प्रे करा. मला फ्रॅक्चर पाहिजे. लहानसं. म्हणजे मी आणि पप्पा शनिवारी घरी बसू."

कोणी हसलं नाही. विनंती गाळणं आत्याबाईंच्या नेमात बसत नव्हतं. "प्रभो," त्या म्हणाल्या, "एस्थरचं... तू बघ." साडूंनी आमेन म्हटलं की नाही, ते मला मागून ऐकू आलं नाही. चहाच्या वेळी ते एवढंच म्हणाले, "दमलीय जरा. टर्म संपू दे."

टर्म संपायच्या आतच, एका पावसाळी शनिवारी, साडू नेटबॉलच्या कोर्टावरून गाडीकडे धावत होते. एका खांद्यावर पोहण्याची बॅग, दुसऱ्यावर कीबोर्ड. ते घसरले आणि घोट्यात पाय मोडला.

मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा प्लास्टर चढलं होतं, आणि एस्थर पलंगापासून लांब, भिंतीला चिकटून उभी होती. रडून चेहरा सुजलेला. "काका, आय डिड इट," ती म्हणाली. "मी माझा मागितला होता. गॉडनं पप्पांचा मोडला."

मी साडूंकडे पाहिलं. पार्किंग मिळालं तरी देवाचे आभार मानायला त्यांनी या मुलीला शिकवलं होतं. आता प्रार्थना ऐकली नाही म्हणावं तर देव बहिरा ठरतो; ऐकली म्हणावं तर पोरगी हा पाय जन्मभर वाहणार. त्यांनी पलंगावरून हात पुढे केला.

"इकडे ये," ते म्हणाले. "हा पाय देवानं नाही मोडला, बाळा. पप्पांच्या घाईनं मोडला. तुझं खरं मागणं वेगळं होतं ना? शनिवारी घरी बसायचं. तेवढं त्यानं ऐकलंय."

ती पलंगाजवळ आली. "स्मॉल आहे का?"

"लहानसंच आहे."

एक्स-रे मी पाहिला होता. लहानसं नव्हतं.

क्लास बंद पडले. मी एस्थरला न्यायला-आणायला तयार होतो, पण साडू म्हणाले, "राहू द्या हो." शनिवारी मी डबा घेऊन जात असे. पहिल्या शनिवारी एस्थर सोफ्यावर झोपली ती दुपार टळेपर्यंत. साडू पाय स्टुलावर ठेवून नुसते तिच्याकडे बघत होते. मी बोलायला गेलो तर बोट ओठांवर ठेवलं. पुढे ती प्लास्टरवर चित्रं काढू लागली. बायबलातल्या गोष्टीतला देवमासा काढला, त्याच्या पोटात पप्पांसारखा चष्मा लावलेला एक माणूस. संध्याकाळी प्रार्थना झाली. साडूंनी डोळे मिटून केलेली प्रार्थना मी तेव्हा प्रथमच पाहिली. लांबली जरा, पण तिच्यात एकही वाहन नव्हतं.

प्लास्टर काढायला मीच त्यांना घेऊन गेलो. हाड उत्तम जुळलंय, डॉक्टर खुशीत म्हणाले. साडूंनी आवाज खाली आणून विचारलं, अजून थोडे आठवडे ठेवता येईल का? डॉक्टर हसले, त्यांना ती गंमत वाटली. आतून निघालेला पाय फिकट आणि बारीक, दुसऱ्याच कुणाचा असावा असा होता. देवमासा कचऱ्याच्या पेटीत गेला.

परतताना साडूंनी फोनवर वेळापत्रक उघडलं. येत्या शनिवारी नेटबॉल होता. "जायला हवं," ते म्हणाले, "टीमला शब्द दिलाय." मी त्यांच्या त्या पायाकडे पाहिलं आणि इतके आठवडे न सुचलेली गोष्ट माझ्या लक्षात आली.

मोडलेला पाय डावा होता. साडूंची गाडी ऑटोमॅटिक आहे. तिला डावा पाय लागतच नाही.