सत्तर टक्क्यांचं पार्किंग

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत लिफ्टशेजारची पार्किंगची जागा तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंची आहे. त्या घरी गणिताच्या शिकवण्या घेतात. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्यांच्या स्कूटरला मागे दोन जादा चाकं लावलेली आहेत, आणि उतरून कुबडी टेकवायला त्यांना बाजूला मोकळी जागा लागते. एका सकाळी त्या जागेच्या आत पिवळा पट्टा ओढलेला दिसला. पट्ट्यापलीकडचा भाग शेजारच्या जागेला जोडला गेला होता. शेजारची जागा सोसायटीच्या अध्यक्षांची, तिथे त्यांची मोटार असते. त्यांच्या मुलाने नुकतीच मोटारसायकल घेतली होती आणि ती त्या नव्या भागात बेताने मावत होती.

अध्यक्ष सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं असं की पट्टा त्यांनी मनाने ओढला नाही, इमारतीच्या मंजूर नकाशावरून ओढला. स्कॅन करून ठेवलेल्या त्या नकाशातले मापांचे आकडे पुसट झालेले आहेत. खाली फक्त प्रमाण वाचता येतं, एकास शंभर. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर हा जमिनीवरचा एक मीटर. अध्यक्षांनी घरी प्रिंट काढली, पट्टी लावली. बाईंची जागा रुंदीला पावणेदोन सेंटिमीटर भरली. बाई वापरत होत्या अडीच मीटर. उरलेल्याला अध्यक्षांनी अतिक्रमण हा शब्द वापरला, तोही फलकावर लेखी.

सोसायटीचं सचिवपद माझ्याकडे आहे, कारण दुसरं कोणी घ्यायला तयार नव्हतं. नकाशाची फाइल माझ्या संगणकावर होती. त्यामुळे रविवारी सकाळी दोघंही माझ्याकडे आले, अध्यक्ष स्वतःची प्रिंट घेऊन. एकमेकांना नमस्कार झाला नाही. चहा दोघांनीही नको म्हटला.

"प्रिंट पुन्हा काढा," बाई म्हणाल्या. "माझ्यासमोर."

"दहा वेळा काढा. छापल्याने जागा वाढत नाही," अध्यक्ष म्हणाले.

मी प्रिंटची आज्ञा दिली आणि नेहमीची चौकट उघडली. वर प्रिंटरचं नाव, शेजारी प्रतींचा आकडा, मध्ये गोल बटणांची रांग: फिट, ॲक्च्युअल साइज, पोस्टर. यातलं एकच निवडता येतं. एकाला टिंब दिलं की दुसऱ्याचं जातं. टिंब आधीपासून फिटवर होतं. ही चौकट विचारल्यासारखं करते आणि उत्तर स्वतःच देऊन ठेवते. शिवाय ओके तेवढं ठळक निळं रंगवते, म्हणजे माणसाने बाकीचं वाचू नये.

"दाबा ओके," अध्यक्ष म्हणाले. "बघत काय बसलात?"

"तुम्ही असंच दाबलंत का?" मी विचारलं.

"मग काय आरती करायची असते?"

बाई पुढे वाकल्या. उजवीकडे पानाचं छोटं चित्र होतं आणि त्याच्या वर बारीक राखाडी अक्षरांत लिहिलं होतं, स्केल ७०%.

"हे सत्तर टक्के कशाचे?"

मी सांगितलं. मूळ नकाशा मोठ्या कागदावरचा आहे. घरचे प्रिंटर लहान कागदाचे. मावावा म्हणून फिटने सगळाच नकाशा सत्तर टक्क्यांवर आणला. खालचं एकास शंभर मात्र तसंच छापलं गेलं, कारण ते चित्राचाच भाग आहे.

"मी काहीही केलेलं नाही," अध्यक्ष म्हणाले. "फक्त ओके दाबलं."

"तेच केलंत," बाई म्हणाल्या.

मी टिंब ॲक्च्युअल साइजवर नेलं. छोट्या चित्रात नकाशाच्या कडा कापल्या गेल्या आणि पार्किंगचा अर्धा भाग दिसेनासा झाला.

"वा! आता माझी जागाच उडवली," अध्यक्ष म्हणाले. "कॅन्सल करा. कॅन्सल!"

मी कॅन्सल केलं नाही. पोस्टर निवडलं. या प्रकारात नकाशा मापाला धक्का न लावता अनेक कागदांवर विभागून छापला जातो. टक्क्यांच्या चौकटीत शंभर आहे ना ते पाहिलं आणि मग ओके दाबलं. कागद बाहेर आले. ते शेजारी शेजारी लावून मी चिकटपट्टीने जोडले. बाईंनी स्वतःची पट्टी आणली होती. त्यांची जागा अडीच सेंटिमीटर भरली.

अध्यक्षांनी वाकून पाहिलं आणि चष्मा काढला. "चिकटवलेला कागद सभेत चालत नाही."

"बरं," बाई म्हणाल्या. "मग तुमचाच कागद खरा धरू." त्यांनी अध्यक्षांच्या हातातली प्रिंट ओढून टेबलावर पसरली. "आता तुमची जागा मोजते."

"ती मोजायचं कारण नाही."

बाईंनी पट्टी लावलेलीच होती. "पावणेदोन. म्हणजे गाडी आत घेतली की दारं उघडायची नाहीत. आपण काय टपावरून उतरता?"

अध्यक्षांनी प्रिंट घेऊन तिची चार घड्यांची पुडी केली. "सचिवांनी कोणाची बाजू घ्यायची नसते," ते मला म्हणाले.

"मी बटण बदललं."

"तेच म्हणतोय." विषय पुढच्या सभेत येईल, तोवर पट्टा राहील, असं सांगून ते गेले.

बाई सभेसाठी थांबल्या नाहीत. त्याच संध्याकाळी त्यांनी स्कूटर पूर्ण अडीच मीटरच्या हिशोबाने लावली, एक जादा चाक सरळ पिवळ्या पट्ट्यावर. मला खिडकीतून दिसत होतं. त्यांनी कुबडी टेकवली, चावी काढली आणि लिफ्टने वर गेल्या. थोड्या वेळाने अध्यक्षांचा मुलगा मोटारसायकल घेऊन आला. त्याने हॉर्न वाजवला. मग पुन्हा, लांबलचक. तिसऱ्या मजल्यावर शिकवणी चालू होती. बाईंचा आवाज खालपर्यंत ऐकू येत होता, त्यात खंड पडला नाही.

अध्यक्ष गॅलरीत आले. "बोंबलतोस काय? आत घे ना!"

"कुठे आत?" मुलाने खालून विचारलं.